आडखिंडीची लाखशिळा

चपला इथंच, या चाफ्याखाली काढा. शिळेला हात लावायला कुणाची ना नाही, फक्त नख लावू नका. मागच्या उन्हाळ्यात एका पाहुण्याने ‘हे खरंच लाखेचं आहे का’ म्हणून नखाने टवका काढून पाहिला. आमच्या गावच्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला बोलत बोलत थेट एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवला, आणि ते बोलणं काही आदरातिथ्याचं नव्हतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ही आडखिंडीची लाखशिळा. उभा माणूस झाकेल एवढी उंच, आणि वर कड्याचं छप्पर आल्यामुळे ऊन-पावसापासून वाचलेली. दुरून बघणाऱ्याला वाटतं, शेंदूर फासलेला देव असेल. जवळ या आणि नीट बघा. हे लाखेचे ठिपके आहेत, जुन्या बंद्या रुपयाएवढे, एकाला एक चिकटून. प्रत्येक ठिपक्यात एक अंगठा उमटलेला आहे. काही काळे पडलेत, काही अजून लाल आहेत. आणि हा मधला, छातीच्या उंचीवरचा, जरा बोट फिरवून बघा. अंगठ्याचा खळगा आहे, पण त्यात रेघ एकही नाही. हा पहिला ठिपका, असं सांगतात.

एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, लाख इतकी वर्षं टिकत नाही. मी म्हटलं, टिकली आहे त्याला मी काय करू?

मी आत्माराम जासूद. एकतीस वर्षं या डोंगरात पायी टपाल वाटलं. आमचं घराणंच कागद पोचवणाऱ्यांचं, आडनावावरून तुमच्या लक्षात आलं असेल. ही हकिकत मला माझ्या आजीने सांगितली, तिला तिच्या सासूने. हिच्यात आमच्या एका पूर्वजाचं वागणं फारसं शोभेचं नाही. तरीही आजी तो भाग गाळत नसे, म्हणून मीही गाळत नाही.

समोर दोन बुरजांचा डोंगर दिसतो तो भवरगड. राजशाहीचा काळ होता. साल विचारू नका, मला ते ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. गडाचे धनी सुभानराव खाली बारा कोसांवर तांबऱ्यात राहायचे. गडावर किल्लेदार असे, आणि गडाचं आणि धन्याचं सगळं बोलणं पत्रांतून चाले. ती पत्रं लिहिणारे होते नारोपंत चिटणीस.

पंतांच्या अक्षराबद्दल आमच्याकडे अजून बोलतात. कागदावर आधी डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, अशी मोडी लिहायची रीत. पंतांचा बोरू एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत उठत नसे. ओळ संपली की बारीक वाळू भुरभुरायची, कागद तिरका करून ती परत डबीत ओतायची, की पुढची ओळ. घाईत लिहिलेलं पत्र आणि सवडीने लिहिलेलं पत्र त्यांच्या हातचं सारखंच दिसे म्हणे. एकच खोड होती. पत्राची शेवटची ओळ उजवीकडे किंचित वर चढायची. तरुणपणापासूनची सवय होती आणि ती त्यांना कधी मोडता आली नाही.

पत्र झालं की ते घडी घालून दोऱ्याने बांधायचं आणि गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची. हे काम साळूबाई लखारणीचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते सांभाळत होती. खिंडीतल्या पळसाच्या नि बोरीच्या फांद्यांवर लाख धरते, ती खरवडून आणायची, कुटायची, सात पाण्यांनी धुवायची, फडक्यात घालून विस्तवाशी पिळून काढायची. मग त्यात थोडी राळ आणि लाल रंगासाठी हिंगूळ घालून कांड्या वळायच्या. याच लाखेच्या ती बांगड्याही करी, आणि आजूबाजूच्या पाच गावांतल्या लेकी साळूबाईच्या बांगड्या भरल्याशिवाय सासरी जात नसत. गरम लाख सळईवर अंगठ्याने फिरवत फिरवत गोल करायची असते. सगळी कारागिरी त्या अंगठ्यात.

मोहोर उठवताना मात्र ती फार जपे. कांडी दिव्यावर धरून थेंब पाडायचे, मोहोर पाण्यात बुडवून झटकायची, दाबायची आणि लगेच उचलायची. ओली मोहोर लाखेला चिकटत नाही. पण जरा जास्त ओली राहिली तर लाख चरचरते आणि अक्षरं फुटतात. वीस वर्षांत साळूबाईची एकही मोहोर फुटली नाही. आणि वीस वर्षांत तिने एकही पत्र वाचलं नाही, कारण तिला वाचताच येत नव्हतं. मोहोर लावणाऱ्याला अक्षरओळख नसावी असा गडाचा नियमच होता. गडाचं गुपित लाखेखाली जायचं, ते लाख लावणारीलाही कळू नये म्हणून.

आता झालं असं, की एका फाल्गुनात किल्लेदार अंथरुणाला खिळले. शुद्ध हरपली. गडाचा कारभार हवालदार दौलतीच्या हातात आला आणि त्याच्याबरोबर मोहोरेची पेटीही. दौलतीचा शत्रूशी आधीच सौदा झाला होता. धनी आणि त्यांचा कबिला शत्रूच्या हाती द्यायचा आणि गड स्वतःकडे ठेवायचा.

त्याने पंतांना बोलावलं. सांगितलं, किल्लेदारांच्या नावाने धन्यांना पत्र लिहा. चैत्री पुनवेला गडावरच्या भवानीची जत्रा आहे, या वर्षी बायकामुलांसह यावं, देवीच्या वाटेवर हत्यार नको, आणि खिंडीच्या वाटेने यावं. पंतांना यातला डाव कळला नाही. पण जो माणूस बेशुद्ध पडलाय त्याच्या तोंडी शब्द घालायचे, हे त्यांच्या हाताला जमेना. ते नाही म्हणाले. दौलती रागावला नाही, हसला.

“पंत, शिक्का माझ्यापाशी हाय. तुमच्या अक्षराला इचारतो कोण?”

त्याने पंतांना गडाखाली घालवून दिलं. एका नवशिक्या कारकुनाकडून पत्र लिहून घेतलं आणि मोहोर उठवायला नेहमीप्रमाणे साळूबाईला वर बोलावलं.

साळूबाईने कागद पाहिला. वाचता येत नव्हतं, पण वीस वर्षं जे रोज डोळ्यांखालून जातं ते न वाचताही ओळखता येतं. शेवटची ओळ सपाट होती. तिने विचारलं, पंत कुठे आहेत? दौलती म्हणाला, तापाने पडलेत. माणसाला ताप येतो, त्यात काय नवल! तिने लाख ओतली, मोहोर उठवली, आणि ती नेहमीसारखीच स्वच्छ उठली. त्या कामाचा तिला पुढे जन्मभर पस्तावा झाला.

पत्र तांबऱ्याला नेलं ते हणमा जासूदाने. हाच तो आमचा पूर्वज. खिंडीत जासुदांचा तळ असे, आणि हणमा त्यातला सगळ्यांत चपळ. घुंगरू बांधलेली काठी खांद्यावर असली की त्याला कुणी चौकीवर अडवत नसे. जाऊन पत्र देऊन तो तिसऱ्या दिवशी परत आला.

त्याच दिवशी संध्याकाळी साळूबाई गवती चहाचा काढा घेऊन पंतांच्या खोपटात गेली. तापाचं माणूस म्हणून. पंत ओसरीवर बसून बोरू तासत होते.

“उठून बसलात व्हय? ताप उतरला म्हणायचा.”

“कसला ताप, साळूबाई? मला हाकलून दिलंय.”

आणि त्यांनी घडलं ते सांगितलं. बायकामुलांसह यावं, हत्यार नको, खिंडीच्या वाटेने यावं. हे ऐकता ऐकता साळूबाईने काढा खाली ठेवला. कारण चार दिवसांपूर्वी लाख खरवडायला ती खिंडीच्या घळीत उतरली होती, आणि तिथे तिला माणसं दिसली होती. दोन-अडीचशे माणसं, घोडी, झुडपांवर वाळत घातलेली पागोटी. जत्रेसाठी गडाने नवी शिबंदी ठेवली असेल, असं समजून ती आपल्या कामाला लागली होती. पंतांना पत्र ठाऊक होतं, तिला घळ ठाऊक होती. दोन्ही एकत्र आलं तेव्हा दोघांनाही कळलं.

साळूबाईला एकच लेक, कृष्णी. ती तांबऱ्याला दिली होती, आणि सुभानरावांच्या घरच्या बायकांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांत ती होती. हणमा सांगत आला होता त्याप्रमाणे कबिला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता.

“म्या लावली लाख,” साळूबाई म्हणाली. “माज्या लेकीच्या मरणावर म्याच मोहोर मारली, पंत.”

पंतांनी तिची समजूत घालण्यात वेळ घालवला नाही. आजी म्हणायची, शहाण्या माणसाची हीच खूण. त्यांनी कागद ओढला. चारच ओळी लिहिल्या. येऊ नये. आधीचं पत्र कपटाचं आहे. मोहोर चोरांच्या हाती आहे. घळीत शत्रू दबा धरून आहे. वाळू टाकली, झटकली, घडी घातली, आणि दोघं जासुदांच्या तळावर गेली.

आता आमच्या घराण्याची शोभा ऐका. हणमाने पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं.

“पंत, माफी असावी. बिनमोहोरेचा कागुद आमी नेत न्हाई. माज्या बापानं न्हेला न्हाई, त्येच्या बापानं न्हेला न्हाई.”

पंतांनी सांगून पाहिलं की मोहोरच चोरीला गेली आहे. तेच तर पत्रात लिहिलंय. हणमा म्हणाला, पत्रात काय लिवलंय ते मला ऐकायचं न्हाई. पंत चिडले. हणमा ढिम्म. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. तुम्ही हसता, पण त्याची बाजूही समजून घ्या. जासूद कागद वाचत नाही, खरंखोटं ठरवत नाही. तो मोहोर बघतो. मोहोर बघायची सोडली, तर उद्या कुणीही उठेल आणि कसलाही कागद त्याच्या हाती देईल. मी टपालात होतो, मला त्याचं म्हणणं कळतं. पण त्या संध्याकाळी त्याचं चुकत होतं, हेही कळतं. मोहोर लावलेलं खोटं त्याने बिनबोभाट नेलं होतं, आणि बिनमोहोरेच्या खऱ्याला तो अडवून बसला होता.

साळूबाई वळली. तळावरच्या चुलीपाशी गेली, कमरेच्या पिशवीतून लाखेची कांडी काढली आणि निखाऱ्यावर धरली. पंतांना म्हणाली, कागद धरा. दोऱ्याच्या गाठीवर लाख पाडली, अंगठा पाण्यात बुडवला आणि मोहोरेसारखाच टेकवून उचलला. लाख चरचरली. नुसता खड्डा पडला, रेघा फुटल्या.

हणमाने वाकून पाहिलं. “ह्यो कुनाचाबी असंल,” तो म्हणाला.

“व्हय,” साळूबाई म्हणाली. “खरं हाय तुजं.”

तिने ती लाख खरवडून काढली, पुन्हा वितळवली, पुन्हा पाडली. या वेळी अंगठा पदराला पुसून कोरडा केला. कोरड्या अंगठ्याला गरम लाख कशी धरते, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार? तिने अंगठा लाखेत दाबला आणि उचलला नाही. लाख गार होऊन घट्ट होईपर्यंत ठेवला. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, असं काही जण सांगतात. माझी आजी सांगायची, निघाला, चांगला मोठ्याने निघाला, आणि का निघू नये? पंतांनी तिचा हात ओढायला हात पुढे केला, तर तिने दुसऱ्या हाताने त्यांना सारलं. शेवटी अंगठा सुटला तेव्हा कातडं लाखेतच राहिलं. एकेक रेघ उमटलेली होती.

पत्र हणमापुढे धरून ती म्हणाली, “आता तरी नेशील का रं?”

हणमाने पत्र कपाळाला लावलं, मुंडाशात खोवलं आणि काठी उचलून पळत सुटला. सकाळीच बारा कोस चालून आलेला माणूस. तळापासून खाली तांबऱ्यापर्यंत तो कुठे टेकला नाही म्हणे.

तांबऱ्यात दिवस उगवता उगवता पालख्या वाड्याबाहेर आल्या होत्या. बायका नटून उभ्या होत्या, कृष्णीही त्यांच्यात होती. हणमा सुभानरावांच्या पुढ्यात जाऊन कोसळला. मुंडाशातून पत्र काढून त्याने पुढे केलं.

सुभानरावांचा कारभारी म्हणाला, “सरकार, याला मोहोर नाही. पहिल्या पत्राला गडाची मोहोर आहे. हा कुणाचा तरी बनाव आहे.”

सुभानरावांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवायला सांगितली. एकावर स्वच्छ मोहोर आणि अनोळखी अक्षर. दुसऱ्यावर मोहोर नाही, पण वीस वर्षं ज्या अक्षराने गडाची खबर दिली ते अक्षर, आणि शेवटची ओळ वर चढलेली. त्यांनी लाख निरखून पाहिली. तिला चिकटलेलं कातडं पाहिलं.

“मोहोर कोणीही मारील,” ते म्हणाले. “स्वतःचा हात जाळून खोटं कोण सांगेल?”

पालख्या परत वाड्यात गेल्या. त्यांच्याऐवजी हत्यारबंद माणसं निघाली, आणि खिंडीच्या नव्हे, मागच्या घाटाने. पुढे घळीत काय झालं, दौलतीला कुठे पकडला, हे आमची पोरं फार रंगवून सांगतात. त्यांना विचारा, ती तासभर सांगतील. मला त्यात गोडी नाही.

गड वाचला तसे सुभानराव स्वतः आडखिंडीत आले आणि साळूबाईला म्हणाले, माग काय हवं ते. तिने जमीन मागितली नाही. कृष्णीला महिनाभर माहेरी पाठवा, एवढंच मागितलं.

कृष्णी आली. महिना संपला. लेक सासरी निघाली की आईने तिच्या हातात नव्या बांगड्या भरायच्या, अशी लखाऱ्यांची रीत. साळूबाई लाख घेऊन बसली. पण तो अंगठा आता वळत नव्हता. डाव्या हाताने करून पाहिलं. बांगडी वाकडी झाली. दुसरी केली, तीही वाकडी. पाच गावांच्या लेकींना बांगड्या भरणारीला स्वतःच्या लेकीसाठी एक बांगडी जमेना. कृष्णी म्हणाली, आये, दे ती वाकडीच, मला चालंल. साळूबाईने दिली नाही. वाकडं काम तिने कधी हाताबाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते लेकीच्या हातात कसं घालणार?

ती उठून पंतांकडे गेली. म्हणाली, एक पत्र लिवून द्या. पंतांनी बोरू शाईत बुडवला, विचारलं, काय लिहू?

“लिवा, कदीबी ये. वाट उगडी हाय.”

“एवढंच?”

“आनि काय लिवायचं असतं लेकीला?”

पंतांनी तेवढंच लिहिलं. साळूबाईने घडी बांधून लाख ओतली आणि त्याच अंगठ्याने ठसा उठवला. अंगठ्याला आता रेघा राहिल्या नव्हत्या, ठसा गुळगुळीत उठला. तो लखोटा तिने कृष्णीच्या ओटीत घातला. सांगितलं, मागच्या खेपेला म्या न वाचता मोहोर मारली. ह्या मोहोरेखाली काय हाय ते मला ठावं हाय, तुलाबी ठावं हाय. हिला उगा फोडू नको. सासरी जीव नकोसा झाला, तर फोड आनि तशीच धाडून दे. म्या येती.

कृष्णीने तो लखोटा कधी फोडला नाही. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या मुलांनी तो इथे आणला, मागून जरा शेकला आणि कागदासकट या शिळेवर दाबून बसवला. कागद झडून गेला, लाख राहिली. तुम्ही मघाशी बोट फिरवलंत तो हाच.

तेव्हापासून आमच्या गावची लेक लग्न होऊन निघाली की तिच्या ओटीत लखोटा घालतात. आईने स्वतःच्या हाताने लिहायचा. पूर्वी लिहिता न येणाऱ्या आया पंतांच्या घरी जाऊन लिहून घेत. आता सगळ्या स्वतः लिहितात. छापील चालत नाही. एकीने मोबाइलवर लिहून कागद छापून आणला होता, तिला तिच्या स्वतःच्या सासूनेच तो हाताने लिहायला परत पाठवलं. लाख मात्र आईच्याच अंगठ्याने. ओला अंगठा चालतो, कातडं सोडायची गरज नाही, ते साळूबाईने सगळ्यांच्या वतीने एकदा करून ठेवलंय. बाहेर ‘अंगठेबहाद्दर’ म्हणजे अडाणी. आमच्या गावात तसं कुणाला म्हणालात, तर तो खूश होईल.

सुखाने नांदून गेलेल्या बाईचा न फोडलेला लखोटा शिळेवर येतो. आणि फोडलेला? तो टपालाने येतो. आत चिठ्ठी लागत नाही, नुसती मोडकी लाख पाहिली की पुरे. घरची चार माणसं आणि गावच्या चार बाया त्याच दिवशी निघतात आणि लेकीला घेऊन येतात. कुणी तिला ‘काय झालं’ म्हणून विचारत नाही. माझ्या नोकरीत असे तीन आले. पहिला आला तेव्हा पाकिटातून लाखेचे तुकडे हाताला लागले, आणि मी खांद्यावरची पिशवी देवळात ठेवून तसाच पळालो. बाकीचं टपाल संध्याकाळी वाटलं. कुणी तक्रार केली नाही. ती मोडकी लाख पुढच्या लग्नाच्या कांडीत मिसळतात, आणि ज्या नवरीच्या लखोट्याला ती लागते ती स्वतःला भाग्यवान समजते.

जगात सुंदर अक्षरं पुष्कळ आहेत, आणि राजेरजवाड्यांच्या मोहोरा तुमच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेल्या आहेत. मी पाहून आलोय. चांगल्या आहेत. पण ज्या मोहोरेच्या मागे अजून माणसं धावून जातात, अशी दुसरी मला कुठे दिसली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आणखी एक सांगतो आणि तुम्हाला सोडतो, ऊन चढतंय.

माझी बायको शेवंता. तिचं माहेर याच गावात, वरच्या आळीला, आमच्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तरी तिच्या आईने तिला लखोटा दिला होता. घर जवळ असलं म्हणून काय झालं, उंबरा तो उंबराच. गेल्या मार्गशीर्षात शेवंता गेली. दिवस झाल्यावर सुनेने तिची पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या तळाशी तो सापडला. बेचाळीस वर्षांचा, न फोडलेला.

गावाने म्हटलं, आत्माराम, भाग्य तुझं. आणा, पुनवेला शिळेवर बसवू.

मी तो हातात घेतला. लाख शाबूत होती, पण अंगठ्याच्या रेघा पुसट झालेल्या. पडून राहून तशा होत नाहीत, हात लागून लागून होतात. कागदाच्या कडा फडक्यासारख्या मऊ पडल्या होत्या. एका कोपऱ्याला लाखेखाली नख घातल्याची खूण होती, आणि तिथेच थांबल्याची.

मी तापट माणूस. तरुणपणी तर विचारू नका. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींचे लखोटे छातीशी धरून धावलो. माझ्या घरात एक बाई किती वेळा पेटीपाशी जाऊन बसली, ते मला कळलं नाही. तिने फोडला नाही, ते माझ्यामुळे की मुलांमुळे, की चार पावलांवरच्या आईला लाज वाटू नये म्हणून, हे आता कुणाला विचारू?

इथे तो बसवला तर येणारा-जाणारा म्हणेल, ही बाई सुखात नांदली. मुलगा म्हणतो बसवा, सूनही म्हणते. दर पुनवेला मी तो घेऊन इथवर येतो, चाफ्याखाली चपला काढतो आणि शिळेपुढे उभा राहतो. मला ते म्हणवत नाही. आजही मी तो तसाच घेऊन घरी जाणार आहे.